सांस्कृतिक महिना आणि बायांचा वेळ

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की पुण्यात कार्यक्रमांची जी झुंबड उडते, ती थेट संक्रांतीचे दिवस सरेपर्यंत. मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, फर्ग्युसनच्या आवारात २०२३ पासून भरू लागलेला पुस्तक महोत्सव, शिवाजीनगरला भीमथडी जत्रा, शिवाय नाटके, प्रदर्शने, व्याख्याने. त्यातच २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन आणि ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती. मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू. पंचांगात नसलेला असा हा एक पुणेरी महिनाच आहे. या दिवसांत आपले शहर कसे सांस्कृतिक राजधानी आहे याबद्दल भरपूर बोलले जाते. त्या बोलण्यात एक प्रश्न हमखास राहून जातो : यातल्या कोणत्या कार्यक्रमाला कोणती बाई जाऊ शकते?

मी गुलटेकडीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये काम करते. सवाईचे मैदान इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वस्तीतल्या बहुतेक जणी धुण्याभांड्याची आणि पोळ्यांची कामे करतात. काही कचरा वेचतात, काही मार्केट यार्डात कांदा-बटाटा निवडायला जातात. जानेवारीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारले, गेल्या महिन्यात कोण कुठे गेले होते? गाण्याला? कोणी नाही. पुस्तकांच्या प्रदर्शनाला? एकीच्या मुलीला शाळेने नेले होते. नाटकाला? यावर नुसताच हशा. हळदीकुंकवाला? झाडून सगळे हात वर. एक ताई म्हणाल्या, "गाण्याच्या आठवड्यात माझ्या मॅडमकडे पाहुणे असतात. ते गाण्याला जातात आणि मी दुप्पट भांडी घासते."

हे सांगितले की सुशिक्षित मंडळी लगेच म्हणतात, "अहो, पण त्यांना त्यात रस कुठे असतो?" मला या वाक्याचा मनापासून राग येतो. ज्या बाया भीमगीतांची कडवीच्या कडवी तोंडपाठ म्हणतात, ज्यांच्या सासवा दळताना ओव्या रचत होत्या, ज्यांच्या घरात सत्यशोधक जलशांच्या आणि आंबेडकरी जलशांच्या आठवणी आहेत, त्यांना सूर कळत नाही, शब्द कळत नाही असे म्हणायचे? रस आहे की नाही हे कळायला आधी चाखायला तरी मिळाले पाहिजे. आणि चाखायला न मिळण्याचे कारण दर वेळी तिकीट हेच असते असेही नाही. पुस्तक महोत्सवाला प्रवेश फुकट असतो, चित्रप्रदर्शन फुकट असते, जयंतीचे व्याख्यान फुकट असते. तरी ती तिथे नसते, कारण या फुकट कार्यक्रमाची किंमत तिला वेळात मोजावी लागते आणि तिच्याकडे नेमका तोच नाही.

घरकाम करणाऱ्या बाईचा दिवस घड्याळात मांडून पाहा. पहाटे उठून पाणी, घरचा स्वयंपाक. साडेसातला पहिले घर, मग दुसरे, तिसरे. दुपारी दीड-दोनला ती घरी येते. दोन ते चार हा वेळ तिचा, म्हणजे कागदावर तिचा. त्यात स्वतःचे धुणे, रेशन, मुलांचे डबे. चार वाजता पुन्हा संध्याकाळची घरे. साडेसात-आठला घरी परतायचे आणि पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे. आता आपल्या कार्यक्रमांच्या वेळा पाहा. सवाई दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. व्याख्यान संध्याकाळी साडेपाच ते सहाला, म्हणजे कचेरीतून सुटलेल्या माणसाच्या सोयीने. नाटक साडेनवाला, म्हणजे ज्याच्या घरी दुसऱ्या कोणीतरी जेवण वाढून, भांडी आवरून ठेवलेली आहेत त्याच्या सोयीने. तिच्या त्या दोन तासांत या सगळ्या शहरात तिच्यासाठी काहीही चालू नसते.

हे फक्त वस्तीपुरते नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. ही कामे करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ! यात पगारी काम धरलेले नाही. मधल्या फरकाची तीन तास एकवीस मिनिटे म्हणजे मध्यंतरासकट एक तीन अंकी नाटक. मध्यमवर्गीय घरातली नोकरी करणारी बाई नाटकाला जाते खरी, पण तिची ही मिनिटे बऱ्याचदा वस्तीतल्या बाईने भरून दिलेली असतात, हेही आपण मोकळेपणाने मान्य करू या.

सवाईचेच उदाहरण जरा पुढे नेते, कारण त्यात एक गंमत आहे. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली हा उत्सव सुरू केला. पुढे वर्षानुवर्षे तो रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालायचा आणि पहाटे संपायचा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमावर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले आणि रात्रीच्या मैफली आटोपत्या झाल्या. नियम योग्यच आहे. आजाऱ्याला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवी. पण रात्रभराच्या गाण्यात बाईच्या दृष्टीने एक सोय होती. एकदा सतरंजीवर बसले की उजाडेपर्यंत उठायचे नाही, आणि उजाडल्यावर बसही चालू आणि रस्ताही जागा. आता कार्यक्रम दहाला संपतो. लांबच्या उपनगरात राहणाऱ्या एकट्या बाईला घरी जायला हीच सगळ्यात अवघड वेळ. बस कमी झालेल्या, रिक्षावाला म्हणेल ते भाडे. मी रात्रभर ध्वनिक्षेपक लावा असे म्हणत नाही. पण दहाला हजारो माणसे बाहेर पडणार हे महिनाभर आधी माहीत असते, तर मैदानापासून चार दिशांना जादा बस सोडणे हे काही फार मोठे काम नव्हे. गणपतीत सोडतातच की.

आणखी एक गोष्ट याच मैदानावर आठवते. सवाई गंधर्वांच्या शिष्यांमधले एक मोठे नाव गंगूबाई हनगल. हुबळीहून कुंदगोळला जाऊन त्या शिकल्या. गाणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो हे त्यांनी पुरते सोसले. पुण्यात हिराबाई बडोदेकरांनी गेल्या शतकाच्या विशीत तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, सभ्य माणसांसमोर मान ताठ ठेवून बसून गायल्या. १९२९ साली स्वतःची नाटकमंडळी काढली आणि बायांची कामे बायांनीच केली. व्यासपीठावर बसण्याची लढाई त्या पिढीने अशी एकेक पायरी जिंकली. समोरच्या सतरंजीवर बसण्याची लढाई मात्र कोणी लढाई म्हणूनच धरली नाही. गाणारी बाई प्रतिष्ठित झाली, ऐकणारी बाई मात्र कोणत्या घरची आहे यावर सगळे ठरत राहिले.

कष्टकरी बाई या कार्यक्रमांत नसतेच असेही नाही. ती असते, पण कामाला. जत्रांमधून बचत गटांचे स्टॉल असतात. चुलीवरची भाकरी, पिठले, मासवडी, मांडे. लोक रांगा लावून खातात, फोटो काढतात. गटाला पैसा मिळतो, बाईला तालुक्याबाहेरचे जग दिसते, हे मोलाचेच आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. पण चार पावलांवर लोककलेचा मंच असतो, तिथे कोणी वासुदेव, कोणी पोतराज, कोणी वाघ्या-मुरळी सादर करत असते, आणि भाकरी थापणारीला मान वर करून तिकडे पाहायलाही उसंत नसते. बरे, ज्या गावाची कला म्हणून ती दाखवतात, त्या गावाची ती आहे! कार्यक्रम संपल्यावर मैदानात उरतात पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या. त्या उचलायला येणाऱ्याही बायाच. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती मुख्यतः अशाच बायांच्या बळावर, आणि आज 'स्वच्छ' संस्थेमार्फत त्या घरोघरचा कचरा गोळा करतात. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशीचे शहर त्यांना जितके ठाऊक आहे तितके उत्सवाचे शहर ठाऊक नाही.

मुतारीचा प्रश्न लिहायला काही जणींना संकोच वाटतो, मला वाटत नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या मैदानी कार्यक्रमात मी बायांच्या स्वच्छतागृहापुढे बराच वेळ उभी होते. बायांची रांग पार तंबूपर्यंत, पुरुषांकडे रांगच नाही. पाळी चालू असलेल्या मुलीला कागद टाकायला डबा नाही. एक आजी पाणी न पिता बसल्या होत्या, "उगाच सारखे उठायला नको" म्हणून. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या राइट टू पी मोहिमेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणून इतकी वर्षे झाली, तरी कार्यक्रमाच्या परवानगीच्या अर्जात मंडप, आग आणि पार्किंग यांच्या बरोबरीने या गोष्टीची चौकशी होताना दिसत नाही.

आता हळदीकुंकवाकडे येते. आपल्या चळवळीने हळदीकुंकवावर कडक टीका केली आणि ती रास्तच होती. विधवेला, टाकलेलीला, एकटीला बाजूला बसवणारा हा समारंभ. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांच्या वाट्याला येणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला, पण शहरातल्या वॉर्डातली परिस्थिती फारशी बदललेली नाही. उलट तिथे आता 'खेळ पैठणीचा' आला आहे. मोठा मंडप, माइकवर एक विनोदी निवेदक, उखाणे, संगीतखुर्ची, वाणाला डबा किंवा कढई, आणि मागे इच्छुक उमेदवाराचा पुरुषभर उंचीचा फोटो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली ती जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत शहरात नगरसेवकच नव्हते. पण इच्छुकांची हळदीकुंकवे काही थांबली नाहीत.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत यावर आपण हसतो. मी हसण्याआधी एकदा त्या मंडपाची वेळ आणि जागा पाहावी म्हणते. मंडप वस्तीच्या तोंडाशीच असतो, बसचा प्रश्न नाही. कार्यक्रम रात्रीची जेवणे झाल्यावर, म्हणजे ती मोकळी झाल्यावर. पोरे बरोबर चालतात, ती रडली तरी कोणी वळून पाहत नाही. खुर्ची मिळते. आणि माइकवरून तिचे नाव पुकारले जाते. वर्षातून एकदा का होईना, पण चारशे माणसांसमोर तिचे नाव! ज्या पुढाऱ्याला तिच्या पगाराशी, तिच्या मारहाणीशी काही देणेघेणे नाही, त्याला तिचा वेळ मात्र बरोबर कळला. हे माझ्या मते आपण गंभीरपणे घ्यायला हवे. त्याच मंडपात मागच्या रांगेत विधवा बसलेली असते आणि उखाण्याची वेळ आली की पदर सारखा करत उठून जाते. तिच्यासाठी दुसरा मंडप कोणी घातलेला नाही.

तो घालण्याची परंपरा आपल्याकडे होती. स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' १९८३ पासून नाक्यावर, चौकात, गावच्या पारावर झाले. बायांनी नाट्यगृहात यावे म्हणून ते थांबून राहिले नाही. २५ डिसेंबर हा दिवस अनेक दलित स्त्री-संघटना १९९० च्या दशकापासून भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, कारण १९२७ साली महाडला त्या दिवशी मनुस्मृती जाळली गेली. हे कार्यक्रम वस्तीत, विहारात होतात, आणि तिथे बायांची गर्दी असते. याउलट सावित्रीबाईंच्या जयंतीचे मोठे कार्यक्रम हळूहळू सभागृहांकडे, सत्कार आणि सन्मानचिन्हांकडे सरकत चालले आहेत. ज्या भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तो मोडकळलेला वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. त्या स्मारकात दुपारी दोन ते चार काय असेल, हे आत्ताच विचारायला हवे. नंतर विचारले तर वेळापत्रक छापून झालेले असेल.

शहरात सभागृहांची वाण नाही. बालगंधर्व १९६८ पासून आहे, कोथरूडला यशवंतराव चव्हाण, वानवडीला महात्मा फुले, सहकारनगरच्या बाजूला अण्णाभाऊ साठे. सगळी महापालिकेची, म्हणजे आपल्याच करातून उभी राहिलेली. महिन्यातून एक दुपार, दोन ते चार, घरकामगार आणि कचरावेचक बायांसाठी नाटक, गाणे, चित्रपट जे असेल ते ठेवावे, आणि बाजूच्या खोलीत मुलांना सांभाळायला माणूस असावा, एवढीच मागणी आहे. त्याच्या जोडीला दुसरी मागणी जुनीच : सुट्टी. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला तेव्हापासून हक्काच्या पगारी सुट्टीची मागणी आहे. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवर. आठवड्याची सुट्टी ही फक्त विश्रांतीची नव्हे, गाणे ऐकण्याचीही गोष्ट आहे, हे आपल्या निवेदनांत आले पाहिजे. आणि ज्या मैत्रिणींच्या घरी कामाला बाई येते त्यांनी सुरुवात स्वतःपासून करायला निवेदनाची वाट पाहायची गरज नाही.

आमच्या भागातल्या सभागृहासाठी असे पत्र तयार केले आहे, सह्या गोळा करणे चालू आहे. बायांनी त्यात एक ओळ स्वतःहून घालायला लावली : पहिला कार्यक्रम गाण्याचा ठेवा, भाषणाचा नको. सभागृहांच्या तारखा कितीतरी आधी वाटल्या जातात. तेव्हा डिसेंबरातली एखादी दुपार हवी असेल, तर आपापल्या वस्तीतून अर्ज पावसाळ्यातच जायला हवेत.