स्वयंपाकघरात टॉर्च पेटू देऊ नका!

फ्रीजवाल्या ग्राहकांनो, मेकॅनिक बंधूंनो,

फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र आहे? ‘आर-६००ए’ लिहिलंय? मग आत आयसोब्युटेन आहे, शेगडीच्या गॅसचाच भाऊबंद. फक्त याला वास नाही. गळला तरी नाकाला पत्ता लागत नाही.

“पन्नास ग्रॅम गॅसनं काय होतंय?” हे आम्ही रोज ऐकतो. ऐका तर मग. हवेत १.८ टक्के आयसोब्युटेन मिसळला की मिश्रण पेटू शकतं. दोनशे लिटरच्या बंद फ्रीजमध्ये त्याला जेमतेम नऊ ग्रॅम पुरतात. सुरीनं बर्फ खरवडताना फ्रीझरला भोक पडलं, गॅस आतच साठला, की थर्मोस्टॅटची एक ठिणगी बास. बाहेर आला तरी हवेच्या दुप्पट जड, म्हणून जमिनीलगत रेंगाळतो. शेजारीच शेगडी असते, कुठे समई.

अशा खोलीत आम्ही मेकॅनिक नळी कापायलासुद्धा टाका मारायची गॅसची टॉर्च पेटवतो! गॅस सोडून दिला तरी कॉम्प्रेसरच्या तेलात तो मुरलेला असतो, टाका मारताना बाहेर येतो. फ्रीजचा प्लग काढा, शेगडी-समई विझवा, खिडक्या उघडा. गॅस लांब पाइपानं घराबाहेर मोकळ्यावर सोडा. व्हॅक्यूम करा, नायट्रोजन फिरवा, नळी कटरनंच कापा. भरताना वजनकाटा हवाच, आणि गळती साबणाच्या फेसानं बघा, लायटरनं नव्हे. कॉम्प्रेसरचा रिले बदलायचा तर मूळ रिलेच्याच प्रकारचा. आर-१३४ए या आधीच्या गॅसवर चालणाऱ्या जुन्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन भरू नका. त्या फ्रीजचे स्विच या गॅससाठी बनलेले नाहीत. काही महाभाग घरगुती सिलिंडरमधूनच भरतात. त्याला जुगाड म्हणू नका, तो अपराध आहे.

दोष एकट्या मेकॅनिकचा मात्र नाही. “अर्ध्या तासात उरका, दोनशे कमी करा” म्हणणारं गिऱ्हाईक यात भागीदार आहे. फ्रीज कंपन्याही आहेत. आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमान वाढवतो, त्यापुढे आयसोब्युटेन नगण्य. म्हणून कंपन्यांनी गॅस बदलला ते योग्यच. पण वॉरंटी संपलेला फ्रीज नाक्यावरच्या दुकानात येतो. त्या दुकानदाराला शिकवायचं कुणी? विकणाऱ्यानंच. प्रत्येक तालुक्याला प्रशिक्षण द्या, ही आमची मागणी आहे.

आणि ग्राहकांनो, दारात आलेल्या मेकॅनिकला आधी विचारा: नायट्रोजन आणलाय? वजनकाटा आणलाय? नसेल, तर फ्रीजला हात लावू देऊ नका.

— आपले फ्रीज-मेकॅनिक