शेंदूर, गेरू आणि आमची जीप

परवा शिरूरला मामाकडे गेलो होतो. आमची जुनी जीप सध्या तिथेच मुक्कामाला आहे. बॉडी उतरवून भिंतीला टेकवलेली आणि अंगणात लाकडी ठोकळ्यांवर नुसती चासी. दौंडहून अख्खं घर कोंबून आणणारी हीच ती जीप, पण अशी उघडी पाहिल्यावर ओळखच पटेना.

वेल्डरने मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जरासा दाबला. आरपार गेला!

"दादा, रंगावर चालली होती तुमची गाडी," तो म्हणाला.

आधी हसू आलं, मग घाम फुटला. कारण तो रंग मीच लावला होता, ताईच्या लग्नाआधी, दोन दिवसांत. वरवरचा चिखल धुतला, गंजावरूनच रेड ऑक्साइड फिरवलं आणि त्यावर काळा रंग. बाबा म्हणत होते, "अरे, आधी घासून तर घे." पण वऱ्हाडाला जीप चकाचक दिसायला हवी होती ना! दिसलीही. त्याच जीपमधून पुढे पोराबाळांना घेऊन न्हावऱ्याच्या रस्त्याने किती वेळा गेलो, ते आता आठवायलाही नको वाटतं.

आपल्या भागात एक समज आहे. शिरूर-दौंडकडे पाऊस कमी, मग कोकणासारखा गंज इथे कुठला? अर्धंच खरं आहे हे. जीपमधून आपण खताची पोती वाहतो. आपण वापरतो ते पोटॅश बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. सांडलेलं खत आणि चिखल चासीच्या खाचांत जाऊन बसतात, ओल धरून ठेवतात आणि आतल्या आत लोखंड खात राहतात. पावसाने दडी मारली तरी त्यांचं काम चालूच.

दुसरा समज रेड ऑक्साइडचा. एकदा ते मारलं की लोखंड सुरक्षित! पूर्वी लोखंडी पुलांना शिशाचा शेंदूर घातलेला प्रायमर लावत. तो खरोखर गंज रोखायचा, पण शिसं विषारी म्हणून मागे पडला. लाल रंगावरचा आपला विश्वास तेवढा तसाच राहिला असावा. रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गेरूचा सख्खा भाऊ आणि गंजाचा चुलत. प्रायमरचं काम वरच्या रंगाला धरून ठेवायचं. एकट्या त्या थरातून ओल झिरपतेच. आणि लालावर लाल गंज फुटला तर दिसणार कसा? उसाच्या हंगामात रेड ऑक्साइडवरच फिरणाऱ्या ट्रॉल्या पाहा, म्हणजे पटेल.

म्हणून माझं स्पष्ट मत: चासीला राखाडी इपॉक्सी प्रायमरच लावावा. हार्डनर मिसळायची कटकट आहे, महागही पडतो, पण धरतो घट्ट आणि गंज फुटलाच तर लगेच दिसतो.

अर्थात प्रायमर कितीही चांगला असला तरी खाली गंज ठेवला तर फुकट. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, तो फुगतो आणि रंगाला खालून ढकलतो. तेव्हा आधी सडलेला भाग कापून नवी प्लेट वेल्ड करायची. मग ग्राइंडर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि तोंडाला मास्क, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. पाणी साचणारी भोकं मोकळी करायची. शेवटी थिनरने पुसायचं आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, घामातही मीठ असतं. प्रायमर त्याच दिवशी. दमट हवेत रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस झाक आलीच समजा. मग वरचा रंग, आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथे आतून मेण किंवा ग्रीस.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे काकांचा फोन. "दसऱ्याला जीप पूजेला दारात पाहिजे. रंग कोणता ठरला? हिरवा की पांढरा?" तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाने रंगच विचारलाय. खालच्या लोखंडाचं कोणीच विचारत नाही. तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

काका, वाचत असाल तर इथेच सांगतो. यंदा दसऱ्याला जीप दारात नसेल. खंडेनवमीला मी मामाच्या अंगणात ग्राइंडरला आणि तारेच्या ब्रशला झेंडूची फुलं वाहणार आहे. रागावू नका. घाईत रंगवलेल्या गाडीत तुम्हाला पुन्हा बसवायची माझी हिंमत नाही.

रंगाचं नंतर बघू. आधी बाबांनी सांगितलेलं घासून घेतो.