मनोरा उभा राहिला, विजेचे काय?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांचा आवाजच बंद झाला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब उन्मळून पडले आणि त्यापाठोपाठ दूरध्वनीही मुके झाले. टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेल्या चाकरमान्याला गावी आईवडील सुखरूप आहेत की नाहीत, एवढे विचारण्याचीही सोय उरली नाही. जे मनोरे वादळात टिकले तेही गप्प झाले; कारण त्यांची वीज गेली होती. पायथ्याच्या बॅटऱ्यांतील साठा काही तासांचा असतो. तो संपल्यावर डिझेल जनित्राचा आधार. आणि डिझेल पोचवावयाचे तर रस्ते पडलेल्या झाडांनी अडविलेले.

यास निसर्गाचा कोप म्हणून सोडून देणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. दूरसंचाराची चर्चा या देशात नेहमी आकाशाकडे पाहून होते. लहरींचे लिलाव, चौथी पिढी, पाचवी पिढी, अमुक इतक्या लाख खेड्यांना जोडल्याच्या घोषणा यांत मंत्री रमतात आणि वृत्तपत्रेही रमतात. परंतु कोणत्याही पिढीचे यंत्र असो, त्याला रात्रंदिवस, एक क्षणही खंड न पडता, सुमारे ४८ व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा विद्युत्‌प्रवाह लागतो. तो प्रवाह देणारे रेक्टिफायर, बॅटऱ्या, जनित्र, अर्थिंग आणि त्यांच्यासाठी खणलेले खड्डे व घातलेले चौथरे यांविषयी कोणी बोलत नाही. वादळानंतर माणसाला मदत मागता येते की नाही, हे मात्र तेथेच ठरते.

जुन्या दूरध्वनी खात्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. साध्या जोडणीसाठी माणसाला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवणारे, वशिल्याला वश होणारे असे ते खाते होते. तथापि एका बाबतीत त्याची समज पक्की होती. विजेची तजवीज हा दूरध्वनी सेवेचाच भाग आहे, असे ते मानी. प्रत्येक केंद्रात वेगळी, हवा खेळती राहील अशी बॅटरीची खोली असे. कारण भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो साचला तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दोन व्होल्टचे चोवीस घट एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट मिळवावयाचे. धन टोक जमिनीला जोडावयाचे, म्हणजे जमिनीखालच्या केबलमधील तांबे रासायनिक क्रियेने झिजत नाही. तंत्रज्ञाने हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता पाहावयाची, शुद्ध पाणी घालावयाचे आणि आकडा नोंदवहीत उतरवावयाचा. काम कंटाळवाणे होते, त्यात हाताला व कपड्यांना आम्लाची भोके पडत. पण ते खात्याच्या कायम नोकराचे काम होते. त्याचा परिणाम सामान्य माणसाला ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते इतकेच. घरातील दिवे गेले तरी काळा दूरध्वनी चालू राही. त्याला लागणारी वीज केंद्रातील बॅटरीतून तांब्याच्या तारेने त्याच्यापर्यंत येत होती.

ग्रामीण भागासाठी यंत्र बनविताना विजेचा विचार प्रथम करावा लागतो, हे सार्वजनिक क्षेत्रातील शास्त्रज्ञांनीही ओळखले होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र घडविले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते पहिल्याने चालू झाले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत व उकाड्यात चालावे अशीच त्याची रचना होती. परदेशी यंत्र आणून त्याच्यासाठी थंड खोली बांधण्याऐवजी खेड्यातील खोलीला मानवेल असे यंत्र बांधावयाचे, ही दृष्टी त्यामागे होती. ती दृष्टी पुढे कोठे हरवली?

ती व्यवहाराच्या वाटणीत हरवली. १९९५ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाली, खाजगी कंपन्या आल्या, आणि पुढे त्यांनी आपले मनोरे, बॅटऱ्या व जनित्रे वेगळ्या कंपन्यांकडे सोपविली. २००७ मध्ये स्थापन झालेली इंडस टॉवर्स ही त्यांतील मोठी कंपनी. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसली तर लोखंड व जमीन वाचते, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर जबाबदारीचेही तुकडे झाले. ग्राहक पैसे भरतो एका कंपनीला, मनोरा दुसरीचा, देखभालीचे कंत्राट तिसऱ्याकडे, डिझेल भरण्याचे पोटकंत्राट चौथ्याकडे, आणि वीज मंडळाच्या तारेवर राग काढावयास सर्वच मोकळे. या साऱ्या भागास धंद्याच्या परिभाषेत ‘निष्क्रिय’ सुविधा म्हणतात. खड्डा खणणारा, कोळसा व मीठ घालून अर्थिंगची पट्टी पुरणारा, पावसाळ्यात डबकीभर डिझेल डोंगरावर वाहून नेणारा माणूस या निष्क्रिय भागात मोडतो, ही त्या शब्दाची कमाल होय!

त्या माणसाची स्थिती तपासून पाहावी. मनोऱ्याचा पाया तो ओततो, वजनदार बॅटऱ्या तो उचलतो, सुरक्षापट्टा असो वा नसो तो वर चढतो. बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते; पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांस ते साधारण निम्मे होते. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेली बॅटरी किती टिकेल, हे समजण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. त्या मरू घातलेल्या बॅटरीचा दोषही शेवटी त्याच्याच माथी येतो. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता. वीस वा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदारास तो लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेने ही मर्यादा पन्नासावर नेली. देखभालीची कंत्राटे तालुक्यागणिक लहान लहान तुकड्यांत दिली जात असतील, तर या पन्नासाच्या भिंतीआड किती माणसे राहतील?

सरकारला विजेचा प्रश्न कळलाच नाही, असेही नाही. २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली आणि जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की, २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील निम्मे व शहरांतील वीस टक्के मनोरे वीज व अपारंपरिक ऊर्जा अशा मिश्र साधनांवर चालावेत. तारीख उलटली, डिझेलचा धूर निघत राहिला. त्या काळात डिझेलचे दर सरकार ठरवीत असे. ते नियंत्रणमुक्त झाले ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर शेतकऱ्याच्या पंपाच्या नावाने दिलेल्या सवलतीचा काही वाटा मनोऱ्यांच्या जनित्रांत जळत होता. त्याबद्दल कोणी कधी काही परत केल्याचे ऐकिवात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद पडली तर ग्राहकास भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावी, असे त्यांत आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा बंद पडली तर ही सवलत नाही. म्हणजे श्रीवर्धन-दापोलीच्या माणसाला ज्या दिवशी दूरध्वनीची खरी गरज होती, नेमका तो दिवस नियमाच्या बाहेर! वादळात मनोरा कोसळला तर कंपनीला दोष देता येणार नाही, हे मान्य. पण दोन दिवस पुरेल एवढी बॅटरी वा इंधन आधीच का ठेवले नव्हते, हा प्रश्न वाऱ्याला विचारावयाचा नसतो.

भांडवलशाहीच्या माहेरघरी तरी काय घडले? २००५ च्या ‘कत्रिना’ वादळानंतर अमेरिकेच्या संघीय आयोगाने २००७ मध्ये मोबाइल केंद्रांना किमान आठ तासांची पर्यायी वीज सक्तीची केली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तो नियम कधी अमलात आलाच नाही. पुढे वणव्यांनी होरपळल्यावर कॅलिफोर्नियाच्या लोकोपयोगी सेवा आयोगाने जुलै २०२० मध्ये धोक्याच्या भागांसाठी ७२ तासांची अट घातली. आठ तासांस नकार देणाऱ्या धंद्याला बहात्तर तासांचा आदेश देता येतो, तो लोकांचा दाब असेल तर.

या देशात सार्वजनिक क्षेत्राकडे अजून एक साधन आहे. २०२० च्या जानेवारीअखेर सुमारे ७८,५०० कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली भारत संचार निगमातून बाहेर पडले. केंद्रांची नोंदवही वर्षानुवर्षे लिहिणारे कितीएक हात त्यांच्याबरोबर गेले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने २४,६८० वंचित खेड्यांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करून ती याच निगमाकडे सोपविली. जेथे नफा नाही तेथे खाजगी कंपनी जात नाही, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७,५०० हून अधिक मनोऱ्यांचे उद्घाटन झाले व ते सौर ऊर्जेवर चालणारे आहेत, असे सांगण्यात आले. उत्तम. आता सूर्य न दिसणाऱ्या कोकणातील आषाढ-श्रावणात त्यांच्या बॅटऱ्या किती दिवस पुरतात आणि त्यांची काच पुसणारा, घट तपासणारा माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे, हेही सांगितले जावे.

किनारपट्टीच्या व पूरप्रवण तालुक्यांतील प्रत्येक मनोऱ्यास किमान ७२ तासांची पर्यायी वीज सक्तीची करावी, नैसर्गिक आपत्तीची पळवाट बंद करावी आणि मनोऱ्यावरील कामगाराच्या वेतनास व सुरक्षेस मूळ कंपनी जबाबदार धरावी, या मागण्या दिल्लीत मांडावयाच्या आहेत. परंतु त्यांचा पुरावा तालुक्यातच गोळा करावा लागेल. आपल्या भागात मनोरे किती, बॅटरी किती तास चालते, डिझेल कोण भरतो, त्याला रोज किती मिळतो आणि गेल्या पावसाळ्यात सेवा किती वेळा व किती काळ बंद होती, याची यादी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि तेथून ती तहसीलदारांकडे द्यावी. पावसाळ्यापूर्वी हे काम होण्यासारखे आहे.