आठ पौंडांची गिटार आणि अवजारांचा हिशेब

आपल्या महाविद्यालयात गिटार वाजवणारे बरेच आहेत. गिटार करू पाहणारा बहुधा मी एकटाच. त्यातून मी वाणिज्य शाखेचा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि कीर्द-खतावणीच्या पलीकडे हातात अवजार असे कधी आले नाही. तरी पहिली इलेक्ट्रिक गिटार स्वतः बनवण्याच्या नादात गेल्या वर्षभरात जे पैसे गेले, त्यांवरून माझे एक मत पक्के झाले आहे. ते माझ्या मित्रांना मुळीच पटत नाही, म्हणून येथे छापायला देतो.

मत असे, की पहिल्या गिटारीसाठी घेतलेल्या प्रत्येक अवजाराची पूर्ण किंमत त्या एकाच गिटारीच्या नावे लिहावी. घसारा धरू नये.

मित्र म्हणतात, तू कसला कॉमर्सवाला? अवजार ही मालमत्ता. दहा गिटारी केल्यास, तर एकीच्या वाट्याला दहावा हिस्साच येणार! परीक्षेत मीही असेच लिहून गुण मिळवले आहेत. पण वाटणी करायला पुढच्या नऊ गिटारी असाव्या लागतात. त्या अजून झाडात आहेत. दुकानात उभे राहिले की मात्र त्या डोळ्यांपुढे येऊन रांगेत उभ्या राहतात आणि साडेतीन हजारांची वस्तू साडेतीनशेची वाटू लागते.

माझे तसेच झाले. आईने भिशी लागल्यावर मला बारा हजार रुपये दिले होते. ही भिशी तिने दोन वर्षे भरली होती, हे मला ठाऊक होते. तरी पहिल्याच आठवड्यात ३,६०० रुपयांची एक देखणी पेटी मी मागवली. आत ड्रिल, पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हरची फौज. गिटारीला त्यातले ड्रिल आणि दोन स्क्रू ड्रायव्हर लागले. पान्यांचे काय करावे हे मला आजही सुचलेले नाही. वडील सायकलीसाठी एक वापरतात, तेवढीच वसुली.

आता गिटारवाल्यांची ती लाडकी गोष्ट. क्वीन या वाद्यवृंदाचा ब्रायन मे याने १९६३ साली वडिलांबरोबर आपली गिटार करायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे असे साहित्य घेऊन दोनेक वर्षांत ती पुरी झाली आणि खर्च आला म्हणे आठ पौंड. गोष्ट खरी, पण हिशेब अपुरा. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. घरचा दूरदर्शन संचसुद्धा त्यांनी स्वतः जोडलेला. म्हणजे अवजारे घरात, ती चालवणारा हात घरात, आणि दोन्ही आठ पौंडांच्या बाहेर. आपल्या घरात मोजपट्टी आणि नारळ फोडायचा कोयता असेल, तर ती गोष्ट आपल्यासाठी नाही.

मग घ्यायचे काय? माझे उत्तर आहे, जेथे चूक झाली तर भरून निघत नाही तेथलेच अवजार विकत घ्या. गिटारीत ती जागा म्हणजे मानेवरचे पडदे. अंगाचा आकार थोडा वाकडा झाला तर कोणी ऐकत नाही. पडदा अर्धा मिलिमीटर सरकला तर सूर चुकतो आणि तो जन्मभर चुकतो.

पडद्यांचे गणित पाहून मी चकितच झालो. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागायचे. पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागायचे, की दुसरा. हा तर घटत्या शिलकेवरचा घसारा! दर साधारण ५.६ टक्के, आणि बाराव्या 'वर्षी' शिल्लक बरोबर निम्मी, ३२४. आमच्या सरांना दाखवले तर ते वर्गात हसले, पण वहीत उतरून घेतले.

मोजताना मात्र प्रत्येक पडदा सुरुवातीच्या पट्टीपासून मोजावा. मागच्या पडद्यापासून मोजत गेले तर चूक चक्रवाढीने नव्हे, पण बेरजेने वाढतेच. म्हणून मीटरभर लांबीची पोलादी पट्टी घेतली, २०० रुपये. पडद्याची खाच जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद असते. साध्या करवतीने ती रुंद होते आणि पडदा बसत नाही. त्यासाठी खास बारीक करवत, १,४०० रुपये. दोन चांगल्या कानशी ५००, डाग देण्याची इस्त्री आणि मल्टिमीटर मिळून ६००, धार लावायचा दगड ३५०, चष्मा व मास्क २००. शिसवीची भुकटी छातीत जाऊ देऊ नये. पिकअप, खुंट्या, पूल, मानेतला पोलादी दांडा, पडद्यांची तार यांना ४,५०० गेले. सहा तारा मिळून मानेला सुमारे ४५ किलोंनी ओढतात, तेव्हा त्या दांड्यात काटकसर नको. लाकूड फुकट, मामांच्या पाडलेल्या घराची सागवानी चौकट. पट्टीपुरते शिसवी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी दिले.

राउटर घेतला नाही. यावर मित्रांशी सर्वांत मोठे भांडण झाले. राउटर हवाच, हे मान्य. मानेची खोबण आणि पिकअपची घरे हाताने कोरणे नवशिक्याचे काम नव्हे. पण यंत्राच्या किमतीवर पात्यांची किंमत निराळी, आणि मिनिटाला तीसेक हजार फेऱ्या घेणारे पाते प्रथमच हाती धरायचे ते स्वतःच्या एकुलत्या एक सागवानावर? सुतारकाकांनी तासाभरात दोन्ही कामे केली, मजुरी ३०० रुपये. खतावणीत हा चालू खर्च, माळ्यावर काही साठत नाही. उरलेले ३५० चौकट कापून-रंधून घेताना वखारीत गेले आणि बारा हजार संपले.

सुतारकाका घरी कानडी बोलतात. त्यांच्याकडे पटाशीला उळी, कानशीला अर आणि करवतीला गरगस म्हणतात हे मी तेथेच शिकलो. माझी पेटी त्यांनी उघडून पाहिली, मिटली आणि विचारले, "धारेचा दगड कुठाय?" तोपर्यंत तो माझ्या यादीतच नव्हता. मला मिरज आठवली. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे हा धंदा एकोणिसाव्या शतकात सुरू करणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. धार आधी आली, वाद्य मागून.

काहीजण म्हणतील, तयार मान विकत घे, पडद्यांची अवजारेच लागणार नाहीत. हिशेबाने ते अगदी बरोबर आहे, आणि ज्याला लवकर वाजवायचे आहे त्याने तसेच करावे. त्यात कमीपणा नाही. मला पडदे स्वतः कापायचे होते, त्याची किंमत १,४०० आणि १५० झाली, एवढे लिहून ठेवले. (१५० ची पट्टी आधी वाया गेली. सातवी खाच तिरपी गेली होती. ही रक्कम मी आईकडून नव्हे, शिकवणीच्या पैशांतून भरली.)

आता बावीस खाचा कापून झाल्या आहेत. पडदे ठोकायचे आहेत, तारा आणायच्या आहेत. दुकानात असली सर्वांत स्वस्त गिटार साधारण मी खर्च केले त्याहून कमीलाच मिळते, हे आईला अजून सांगितलेले नाही. ती रोज विचारते, वाजणार कधी?