चार विसा आणि दहा

चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होणे म्हणजे काय, हे पॅरिसच्या एका पाववाल्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकविले. वर्षाची रजा काढून मी फ्रेंच शिकायला गेलो होतो. मुक्काम 'सिते युनिव्हर्सितेर' या १९२५ पासूनच्या विद्यार्थीनगरीतल्या भारतीय वसतिगृहात.

दुकानात शिरून मी घोकलेले वाक्य म्हटले. बाई ढिम्म! मग शांतपणे म्हणाल्या, "बोंझूर." तिकडे नमस्कारावाचून व्यवहार सुरूच होत नाही. मी ओशाळून नमस्कार केला, तेव्हा कुठे पाव हाती आला. किंमत एक युरो आणि वर "कात्र-वँ-दिस". चार? वीस? दहा? मागे रांग वाढत होती. शेवटी मी नाण्यांचा तळहातच पुढे केला.

खोलीवर येऊन वही उघडली. बेल्जियममध्ये नव्वदला 'नोनांत' असा सुटसुटीत शब्द आहे. पॅरिसकर मात्र चार विसा आणि दहाच म्हणतात.

आणि एकदम माझा एक जुना विद्यार्थी आठवला. वर्गात त्याने आजीचे वय सांगितले होते, "चार विसा न् धा, सर." वर्ग हसला, मीही हसलो, वर 'नव्वद म्हण' असे बजावले. पुढे वर्षभर तो वर्गात बोलला नाही.

पॅरिसात मला कोणी हसले नव्हते.

त्या रात्री त्याला पत्र लिहायला बसलो. सुरुवात नमस्काराने केली.