आधी डोळे, मग बूट

खेळाडू म्हटला की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. भरदार छाती, घट्ट पोटऱ्या, कपाळावर घाम आणि नजर समोरच्या फितीवर. या चित्रातल्या माणसाच्या नाकावर चष्मा कधीच नसतो. चष्मा असतो तो ग्रंथालयात पहिल्या बाकावर बसणाऱ्याच्या नाकावर. अभ्यासू ते चष्मेवाले आणि मैदानावरचे ते डोळसगडी, अशा दोन जाती आपण मनोमन करून ठेवल्या आहेत. एखाद्या मुलाने किंवा मुलीने दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे ठरवले, तर आपल्याला ते जरा विचित्रच वाटते.

माझ्यापुरते बोलायचे, तर आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली आणि चष्मा लावणारीही मीच पहिली. त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असा आमच्या आजीचा ठाम समज आहे. “चार बुकं शिकली आन् डोळं घालवून बसली,” असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आईची काळजी वेगळी. “पळताना तरी काढून ठेवत जा बाई, लोक बघत्यात,” असे ती म्हणते. लोक म्हणजे कोण, हे गावाकडच्या मैत्रिणींना समजावून सांगायला नको! पण हा प्रश्न फक्त माझ्या घरचा असता, तर त्यासाठी मी वार्षिकांकाची पाने अडवली नसती. सकाळी सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला ठेवलेल्या सॅका पाहाव्यात. त्यांच्या वरच्या कप्प्यात घड्याळे असतात, मोबाइल असतात आणि घडी घातलेले चष्मेही असतात. चष्म्यांचे धनी मात्र मैदानावर धावत असतात!

हे चष्मे काढून धावणे म्हणजे नेमके काय, याचा आपण कधी हिशेब केला आहे काय? दूरचे न दिसणाऱ्या डोळ्यात नेत्रगोल थोडा लांबट झालेला असतो. त्यामुळे बाहेरचे चित्र दृष्टिपटलावर पडायचे ते त्याच्या अलीकडेच पडते. हा दोष मोजण्याचा जो ‘नंबर’ असतो, त्यात एक साधे गणित दडलेले आहे. ज्याचा नंबर उणे एक आहे, त्याला चष्म्याविना एक मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते. उणे दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत, आणि उणे चार असेल तर जेमतेम एक वीत. आता उभ्या माणसाच्या डोळ्यापासून त्याच्या पायाखालची जमीन सुमारे दीड मीटरवर असते. म्हणजे उणे एक नंबरच्या धावपटूलासुद्धा आपले पाऊल जिथे पडते ती जागाच धूसर दिसते. मग चार पावलांपुढचा खड्डा, खडी, किंवा रस्त्यावर आडवे झोपलेले कुत्रे यांची गोष्टच सोडा.

याला वेगाची जोड द्या. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पाच मिनिटांत १६०० मीटर धावणारा मुलगा सेकंदाला सव्वापाच मीटरहून अधिक अंतर कापतो. पाच मीटरवरचा दगड त्याला स्पष्ट दिसला, तरी सावरायला एक सेकंदसुद्धा मिळत नाही. न दिसला तर किती मिळेल? बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने ज्या स्टीपलचेस शर्यतीत नाव काढले, तिच्या ३००० मीटरमध्ये २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. प्रत्येक वेळी उडी कुठून घ्यायची, हे आधी डोळा ठरवतो आणि मग पाय उचलतो. ‘पळायला डोळे कशाला लागतात, नेमबाजी थोडीच करायची आहे,’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा डोळे किलकिले करून पहाटेच्या अंधारात हमरस्त्याच्या कडेने धावून पाहावे.

तेव्हा डोळ्यांना मदत हवी, हे उघड आहे. प्रश्न उरतो तो कोणती मदत घ्यावी हा. आज तीन वाटा आहेत: चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि लेसरचे ऑपरेशन. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे; डोळा तपासणे हे डॉक्टरांचे काम. पण कोणती वाट आपल्या धावण्याला, आपल्या राहणीला आणि आपल्या खिशाला झेपेल, याचा विचार मात्र आपला आपणच करायला हवा.

पहिली वाट चष्म्याची. चष्म्याचे दोष कुणीही सांगेल. घामाने तो घसरतो, पावसात काचा भिजतात, थंडीत थांबलो की वाफ धरते, आणि फ्रेमच्या बाहेरचे दिसते ते धूसरच. पण यातल्या बऱ्याच तक्रारी चष्म्याच्या नसून चुकीच्या चष्म्याच्या आहेत. लग्नसमारंभात मिरवायची जड फ्रेम घालून दहा किलोमीटर धावायला गेल्यावर ती घसरणारच! हलकी, नाकावर घट्ट बसणारी फ्रेम, डोक्यामागून बांधायची इलॅस्टिकची पट्टी, कपाळावर घाम टिपणारा पट्टा आणि पावसात पुढे झाप असलेली टोपी, एवढ्याने निम्म्या अडचणी संपतात. भिंगे काचेची नकोत, पॉलिकार्बोनेटची असावीत. ती वजनाला हलकी असतात आणि पडलो तरी सहसा फुटत नाहीत. वारा, धूळ आणि चिलटे यांपासून डोळ्यांचे रक्षण होते, हा फायदा वेगळाच.

चष्म्याने माणूस कमी दमदार होत नाही, याचा दाखला हवा असेल तर फ्रान्सच्या लोराँ फिन्योंचा घ्यावा. ‘टूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची, तीन हजार किलोमीटरहून लांबीची सायकल शर्यत. दमसासाची याहून मोठी परीक्षा जगात क्वचितच असेल. ही शर्यत फिन्योंने १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली, ती डोळ्यांवर चष्मा लावून. विद्यापीठात काही काळ शिकलेला आणि चष्मा लावणारा, म्हणून सोबतचे सायकलपटू त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. हे नाव थट्टेतून पडले असेल. पण दोनदा विजेता ठरल्यावर त्या थट्टेचा मान झाला. अमेरिकेचा एडविन मोझेस तर चष्मा लावूनच १९७६ साली ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन गेला.

दुसरी वाट कॉन्टॅक्ट लेन्सची. मऊ लेन्सचा जनक ओटो विख्टरले हा चेकोस्लोव्हाकियाचा रसायनशास्त्रज्ञ. १९६१ च्या नाताळात त्याने मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र बनवले आणि त्यावर पहिल्या लेन्स तयार केल्या. साधनांवाचून अडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. असो. धावणाऱ्याच्या दृष्टीने लेन्स फार सोयीची. ती घसरत नाही, तिच्यावर वाफ धरत नाही आणि चहूबाजूंचे स्पष्ट दिसते. पण तिची एक कडक अट आहे, ती म्हणजे स्वच्छता. लेन्सला नळाचे, विहिरीचे, टाकीचे, कुठलेही साधे पाणी लागता कामा नये. पाण्यात अकॅन्थामीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो लेन्सच्या आडून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात शिरला, तर नजर जाण्यापर्यंत पाळी येते. म्हणून लेन्स घालून पोहायचे नाही, तोंड धुवायचे नाही आणि झोपायचेही नाही. वसतिगृहात एका नळावर दहा जणी रांगेत उभ्या असतात. तिथे साबणाने धुऊन कोरडे केलेले हात, बाटलीतले औषधी द्रावण आणि वेळच्या वेळी नवी लेन्स हे सगळे रोज जमणार असेल, तरच या वाटेने जावे. एक दिवस वापरून टाकून द्यायच्या लेन्स त्यातल्या त्यात बऱ्या. त्या फक्त शर्यतीच्या दिवशी वापरल्या, तर खर्चही आटोक्यात राहतो.

तिसरी वाट लेसरची. आजकाल आमच्या वयाच्या मुलामुलींच्या बोलण्यात हीच अधिक येते. “नंबर काढून टाकला की झाले!” असे म्हणतात. या शस्त्रक्रियेत लेसरने कॉर्नियाचा आकार बदलतात आणि बहुतेकांना तिचा चांगला उपयोग होतो, हे खरे आहे. पण नंबर किमान वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय डॉक्टर ती करत नाहीत. आणि आमच्या वयात तर पुष्कळांचा नंबर अजून सरकत असतो. लॅसिक पद्धतीत कॉर्नियावर एक पातळ झाकण कापून उचलतात. ते पुन्हा बसवले, तरी जोराचा मार लागल्यास सरकण्याचा धोका पुढेही थोडाफार राहतो. झाकण न कापण्याची जुनी पद्धतही आहे; पण तिच्यात दुखणे जास्त आणि बरे व्हायला वेळही जास्त. कित्येकांचे डोळे काही महिने कोरडे पडतात, काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. खोलीत बसणाऱ्याला हे चालून जाईल. पहाटे समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात धावणाऱ्याला, किंवा वाऱ्याला तोंड देत सायकल हाकणाऱ्याला ते चालेल काय, हे आधी विचारले पाहिजे.

शहरात चालते ते शर्यतीत चालतेच असे नाही, याचे भयंकर उदाहरण १९९६ साली एव्हरेस्टवर घडले. बेक वेदर्स या अमेरिकन डॉक्टरने पूर्वी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तीत लेसर नव्हता. कॉर्नियावर सुरीने किरणांसारखे छेद देत. १० मे रोजी विरळ हवेत त्या कॉर्नियाचा आकार बदलला आणि शिखराच्या वाटेवर त्याला दिसेनासे झाले. तो वाट पाहत थांबला आणि मग वादळात सापडला. सोबत्यांनी त्याला मेला असे समजून सोडले होते. तो स्वतःच्या पायांनी तळावर परत आला; पण उजवा हात कोपराखाली, डाव्या हाताची बोटे आणि नाक एवढे गमावून. ती पद्धत आता मागे पडली आहे आणि लेसरचा डोळा उंचीवर तिच्यापेक्षा खूपच चांगला टिकतो. तरीही अमेरिकेतल्या शंभर मैलांच्या शर्यतींत काही धावपटूंची नजर शेवटच्या टप्प्यात धूसर होते. याचे कारण कॉर्नियाला येणारी सूज असावी, असे मानतात आणि विश्रांतीनंतर ती उतरते. ज्यांनी नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया केलेली असते, त्यांच्यात हा त्रास अधिक आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले आहे.

मग माझे मत काय? उणे एकदोनच्या नंबरवाल्या, खिशात मोजकेच पैसे असलेल्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी पहिली निवड चष्म्याची करावी. तो धावण्यासाठी वेगळा, नीट बसणारा असावा. लेन्स स्वच्छतेची खात्री असणाऱ्यांनी वापरावी. लेसरचा विचार नंबर थांबल्यावर, शांतपणे करावा. यात नवे काही नाही, असे कुणी म्हणेल. पण आपण निवड करतो ती या क्रमाने करतच नाही. मुली लेसरची गोष्ट काढतात ती बघायला येणाऱ्यांसाठी, आणि मुले काढतात ती भरतीसाठी. भरतीचे तर वेगळेच दुखणे आहे. काही सेवांत अशी शस्त्रक्रिया मुळीच चालत नाही, काहींत ठराविक वयानंतर आणि ठराविक काळ लोटल्यावरच चालते. जाहिरात न वाचता बापाने कर्ज काढून ऑपरेशन करावे आणि मुलगा त्याच ऑपरेशनपायी बाद व्हावा, यासारखे दुर्दैव ते कोणते? डोळा आपला, धावणारे आपण, आणि निवड मात्र दुसऱ्याच्या नजरेला बरे दिसावे म्हणून करायची, हे मला पटत नाही.

एक विनंती आमच्या गुरुजनांना आणि जिमखान्यालाही आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्यात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे यांची सोय झाली. पण नंबर काही दहावीच्या निकालापाशी थांबत नाही. आपल्याकडे संघात निवड करताना वजन घेतात, उंची घेतात, वेळ घेतात. डोळे मात्र कुणी तपासत नाही. जिमखान्यात मोजपट्टी आहेच. तिने सहा मीटर अंतर आखावे, भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगावा आणि निवडीच्या दिवशी प्रत्येकाने एकेक डोळा झाकून तो वाचावा. ज्याला खालच्या ओळी वाचता येणार नाहीत, त्याला संघातून काढायचे नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. खेळाच्या निधीतून जसे बूट देतात, तसा गरजू खेळाडूला एक पट्टीचा चष्मा द्यावा. साधा चष्मा चांगल्या बुटांपेक्षा महाग पडत नाही.

आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलामुलींच्या घरांत शिक्षण पहिल्यांदाच आले आहे. त्याच्याबरोबर पुस्तके आली, परीक्षा आल्या, काहींच्या नाकावर चष्मेही आले. त्यांची लाज वाटण्याचे काय कारण? आजीला मी इतकेच सांगते की शिकल्याने डोळे गेले नाहीत; डोळ्यांत दोष आहे, हे शिकल्यामुळे कळले. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यंदाच्या क्रॉसकंट्रीला बुटांची नाडी बांधण्याआधी सॅकच्या वरच्या कप्प्यातला चष्मा बाहेर काढा. पुढचा रस्ता खडबडीत आहे. तो स्पष्ट दिसलेला बरा.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)