पैशाची वाट बंद होते तेव्हा

दिवाळी जवळ आली की गोंदियाच्या बाजारात इराणी पिस्ता, केशर आणि खजूर यांची मागणी वाढते. नागपूरच्या इतवारीतून किंवा थेट वाशीच्या मसाला बाजारातून हा माल येतो. ग्राहक भावावरून घासाघीस करतो, दुकानदार वजन करून पुडा बांधतो आणि व्यवहार संपतो. त्या पुड्यामागे किती बँकांचे नकार, किती वळसे आणि किती थकलेली बिले उभी असतात, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

गोंदिया हे धानाचे कोठार. येथील व्यापाऱ्याला उधारी नवी नाही. धान उचलले जाते, भरडाई होते, तांदळाचा ट्रक रवाना होतो आणि पैसे मागाहून येतात. उधारी बुडते ती बहुधा दोनच कारणांनी: घेणाऱ्याची ऐपत खचते किंवा नियत फिरते. परंतु घेणारा ऐपतदार आहे, त्याची नियतही साफ आहे, माल त्याला पोचला आहे, आणि तरीही पैसे येत नाहीत, असे तिसरे कारणही असू शकते. आंतरराष्ट्रीय निर्बंधांनी हे तिसरे कारण जगाच्या व्यापारात आणले. इराण हे त्याचे ठळक उदाहरण होय.

दोन देशांच्या व्यवहारात नोटांची पेटी जात नाही. जातो तो एका बँकेचा दुसऱ्या बँकेला संदेश. असे बहुतेक संदेश ‘स्विफ्ट’ या बेल्जियममधील संस्थेच्या जाळ्यातून जातात आणि डॉलरमधील व्यवहाराचा हिशेब अखेरीस अमेरिकी बँकांत मिटतो. मार्च २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधयादीतील इराणी बँकांना स्विफ्टमधून वगळण्यात आले. तत्पूर्वीच, डिसेंबर २०१० मध्ये, रिझर्व्ह बँकेने आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत इराणशी होणारे व्यवहार थांबविले होते. या युनियनचे मुख्यालय तेहरानमध्येच आहे, हा योगायोग बोलका आहे. कारखाने चालू, बंदरे उघडी, ग्राहक तयार. केवळ पैशाची वाट बंद.

यावर भारताने काढलेला तोडगा जुन्या खातेवहीची आठवण करून देणारा होता. कोलकात्याची यूको बँक निवडण्यात आली. अमेरिकेत व्यवसाय नसल्याने तिला तेथील कारवाईचे भय कमी होते. इराणकडून घेतलेल्या तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम रुपयांत या बँकेतील खात्यात जमा होऊ लागली आणि त्याच रुपयांतून इराण भारताकडून तांदूळ, चहा, सोयापेंड आणि औषधे घेऊ लागला. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, आणि परस्पर वळती. बासमती पंजाब-हरियाणाची असली, तरी सोयापेंडीमुळे विदर्भाच्या सोयाबीनचा भावही या खात्याशी जोडला गेला होता. पुढे अमेरिकेने मे २०१८ मध्ये अणुकरारातून अंग काढून घेतले आणि भारताला दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली. भारताने तेल घेणे थांबविले. झरा आटला आणि उपसा चालू राहिला, तर विहिरीचे जे होते तेच त्या रुपया-खात्याचे झाले. शिल्लक घटू लागली तसे निर्यातदार नवे सौदे करण्यास कचरू लागले.

हा झाला व्यापाराचा हिशेब. घरचा हिशेब याहून कठोर आहे. २०१५ च्या अणुकराराच्या सुमारास खुल्या बाजारात एका डॉलरला सुमारे ३५ हजार रियाल पडत. मार्च २०२५ मध्ये हा आकडा १० लाखांपलीकडे गेला. याचा अर्थ असा की, ज्या गृहस्थाने आयुष्यभराची बचत रियालमध्ये ठेवली, त्याची पुंजी व्याज वगळता डॉलरच्या मापाने तिसाव्या हिश्श्यावर आली. त्याने चूक काय केली? काटकसर केली, कर्ज टाळले, बँकेवर विश्वास ठेवला. म्हणूनच इराणी कुटुंबे हाती चार पैसे आले की ‘बहार आझादी’ हे सोन्याचे नाणे घेतात किंवा घरात, मोटारीत पैसा गुंतवितात. या घसरणीची झळ महाराष्ट्रातही दिसली आहे. २०१२ मध्ये रियाल कोसळला तेव्हा पुण्यात हजारो इराणी विद्यार्थी शिकत होते. त्यांच्या शुल्काचा रुपयांतील आकडा तोच होता. घरून पैसे पाठविणाऱ्या वडिलांच्या दृष्टीने मात्र तो काही महिन्यांत खूपच वाढला होता.

तरीही तेथील जीवन थांबलेले नाही. जगाची कार्डे चालत नाहीत, म्हणून इराणने ‘शेताब’ नावाचे स्वतःचे बँकजाळे उभारले. भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत स्थानिक कार्ड चालते. उबर नाही, तर ‘स्नॅप’ आहे. फ्रेंच मोटार कंपन्या निघून गेल्या, तरी त्यांच्या जुन्या साच्यांच्या मोटारी तेथील कारखान्यांतून निघत राहिल्या. विमानांचे मात्र तसे जुगाड चालत नाही. सुटे भाग मिळत नाहीत, ताफा जुना होत जातो आणि धोका प्रवाशाच्या वाट्याला येतो.

मराठी माणसाला तेहरानचा बाजार पूर्णपणे परका वाटणार नाही. ‘बाजार’, ‘दुकान’ आणि ‘दस्तऐवज’ हे शब्द फारसीतूनच मराठीत आले. चलन बदलून देणाऱ्याला तेथेही ‘सराफ’ म्हणतात आणि फिरदौसी मार्गावर सराफांच्या पेढ्या आहेत. नवख्या प्रवाशाचा गोंधळ होतो तो रियाल आणि तोमान यांत. नोटेवर रियाल छापलेला असतो, तोंडी भाव मात्र तोमानमध्ये सांगतात. दहा रियालांचा एक तोमान. हे न समजल्यास दहापट रक्कम हातून जाऊ शकते. आणखी एक रीत व्यापाऱ्याला विशेष भावेल. पैसे देऊ लागताच दुकानदार म्हणतो, ‘राहू द्या, त्याचे काय एवढे!’ या शिष्टाचारास ‘तारोफ’ म्हणतात. तो शब्दशः घ्यायचा नसतो. दोन-तीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच असतात.

विदेशी पर्यटकाची खरी परीक्षा मुक्कामात असते. त्याचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड तेथे निरुपयोगी. एटीएममधून एक पैसा निघत नाही. संपूर्ण प्रवासाचा खर्च डॉलर किंवा युरोच्या नोटांत बरोबर न्यावा लागतो. पाकीट हरवले, तर घरून पैसे मागविण्याचा सरळ मार्ग नाही. शाकाहारी प्रवाशास नान, पनीर, अक्रोड, फळे, खजूर आणि केशरी भात यांवर निभावता येते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याने मात्र खाखऱ्याचा डबा बरोबर ठेवलेलाच बरा. भारतीयांना फेब्रुवारी २०२४ पासून मिळालेली विनाव्हिसा प्रवेशाची सवलतही आता उरलेली नाही. नोकरीच्या आमिषाने तरुणांना तेथे नेऊन खंडणीसाठी डांबून ठेवण्याचे प्रकार घडले आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती स्थगित झाली. परदेशी नोकरीसाठी दलालाकडे पैसे भरण्याच्या बेतात असलेल्या घरांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

निर्बंधांच्या कागदांत अन्न आणि औषधे यांना सूट असते. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही औषधे, अन्नधान्य व विमानसुरक्षेचे भाग यांतील अडथळे दूर करण्याचा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला होता. परंतु औषध विकण्याची परवानगी असणे वेगळे आणि त्याचे पैसे स्वीकारणारी बँक मिळणे वेगळे. किरकोळ दलालीसाठी कोट्यवधींच्या दंडाचा धोका कोणतीही बँक पत्करीत नाही. त्वचा फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक असलेल्या रुग्ण बालकांसाठी एका स्वीडिश कंपनीची खास मलमपट्टी इराणला जात असे. २०१८ नंतर ती थांबली. कायद्याने त्या पट्टीस मनाई नव्हती. कोणी ‘नाही’ म्हटले नाही; ‘हो’ म्हणण्यास मात्र कोणी धजावले नाही.

निर्बंध भारतानेही सोसले आहेत. मे १९९८ मधील पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने मदत आणि कर्जहमी थांबविली, जपाननेही नवी कर्जे रोखली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांसाठी ‘रिसर्जंट इंडिया बाँड’ काढले आणि ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेने ते निर्बंध उठविले. गोंदियाच्या किराणा दुकानात त्या तीन वर्षांत कोणाला काही जाणवले का? फारसे नाही. याचे श्रेय केवळ आपल्या धैर्यास देणे योग्य होणार नाही. त्या निर्बंधांनी मदतीचा हात काढून घेतला होता. बँकांची वाट मात्र उघडी होती. परदेशातील मुलगा घरी पैसे पाठवू शकत होता, निर्यातदाराचे बिल वटत होते. इराणच्या बाबतीत नेमकी तीच वाट बंद झाली. त्या देशाच्या राज्यकर्त्यांच्या धोरणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्याची किंमत चुकविण्यात राज्यकर्त्यांआधी पगारदाराचा, पेन्शनराचा आणि छोट्या दुकानदाराचा क्रमांक लागतो.

व्यापारी घरांनी यातून दोन गोष्टी गाठीशी बांधाव्यात. परदेशी सौद्यात ग्राहकाच्या ऐपतीइतकीच त्याच्या देशापर्यंतची पैशाची वाट तपासावी. माल निघण्यापूर्वी स्वतःच्या बँकेला लेखी विचारावे: रक्कम कोणत्या बँकेमार्फत, कोणत्या चलनात येणार? आणि ‘पैसे तिसऱ्या देशातून कोणीतरी देईल’ किंवा ‘हवाल्याने मिळतील’ असे सांगण्यात आले, तर नफा कितीही मोठा दिसो, सौदा सोडावा. अशा व्यवहारात माल जातो, पैसे अडकतात आणि परकीय चलन कायद्याची नोटीस तेवढी वेळेवर येते.

पेढीची पत पिढ्यांच्या सचोटीने उभी राहते, हे खरेच आहे. तेहरानच्या बाजारातही अशा पिढीजात पेढ्या आहेत. त्यांची सचोटी काही कमी नव्हती. त्यांच्या पतीला जगाशी जोडणारा रस्ता दुसऱ्यांच्या हातात होता, एवढेच. यंदा पिस्त्याचा पुडा बांधताना गोंदियातील दुकानदाराला त्या अनोळखी दुकानदाराची क्षणभर आठवण झाली, तरी पुरे.